भाताच्या खाचरातले जिवाणू आणि अर्धी गोणी युरिया

कोकणात लावणीच्या दिवसांत युरियाची गोणी फोडली जाते, तेव्हा पाऊस बहुतेक वेळा कोसळतच असतो. खाचर काठोकाठ भरलेले, बांधावरून पाणी खालच्या खाचरात उतरते आहे आणि त्याच पाण्यावर मूठमूठ युरिया फेकला जातो. अशा रीतीने दिलेल्या नत्रापैकी साधारण 30 ते 40 टक्केच भाताच्या अंगी लागते. बाकीच्यातले थोडे मातीत अडकते. उरलेले वाहून जाते, झिरपते, अमोनिया होऊन उडते किंवा चिखलातल्या प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंच्या हातून पुन्हा नत्रवायू बनून हवेत जाते.

त्यामुळे भाताचे रासायनिक खत कमी कसे करायचे, या प्रश्नाला दोन बाजू आहेत. दिलेले वाया जाऊ द्यायचे नाही, ही एक. खाचरात फुकट नत्र तयार करणारे आणि अडकलेले स्फुरद मोकळे करणारे जिवाणू आहेत, त्यांना काम करू द्यायचे, ही दुसरी. नुसती जिवाणूंची पाकिटे आणून पहिली बाजू तशीच सोडली, तर हाती फारसे काही लागत नाही. बरेच शेतकरी एक हंगाम पाकिटे वापरून नाराज होतात, त्याचे मोठे कारण हेच आहे.

पैशांचा हिशेब आधीच सांगून टाकतो. 45 किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे 270 रुपयांच्या आत मिळते. एकरी अर्धी गोणी वाचली, तर वाचणारे पैसे जिवाणूंच्या पाकिटांतच जातील. खरा फायदा दुसरीकडे आहे. नत्र जास्त झाले की पाने मऊ आणि गर्द हिरवी होतात, करपा आणि तुडतुडे तिथेच आधी येतात आणि लोंब्या भरल्यावर वाऱ्यात भात लोळतो. फवारणीचा खर्च आणि लोळलेल्या भाताचे नुकसान यांच्यापुढे युरियाची किंमत किरकोळ आहे. शिवाय डीएपीची गोणी युरियासारखी स्वस्त नाही, तिथे जिवाणूंमुळे झालेली बचत हातात दिसते.

चिखलात कोण राहते?

पाणी तुंबलेल्या खाचरात वरचा अगदी पातळ थर प्राणवायूचा असतो. त्याखालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. भाताचे रोप मात्र पानांतून घेतलेली हवा खोडातल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचवते आणि ती मुळांभोवती थोडी पाझरते. तरवा उपटताना किंवा लावलेले रोप काढून पाहिले, तर मुळांवर तांबूस लेप दिसतो. त्या पाझरलेल्या प्राणवायूने मातीतले लोह तिथे गंजलेले असते. मुळांभोवतीच्या ह्याच चिंचोळ्या पट्टीत ॲझोस्पिरिलम हा जिवाणू सुखाने राहतो. त्याला प्राणवायू लागतो, पण थोडाच. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांनी 1970च्या दशकात गवतवर्गीय पिकांच्या मुळांशी असलेले त्याचे नाते अभ्यासले आणि तो जगभर पोहोचला. हवेतले नत्र बांधण्याबरोबरच तो मुळांची वाढ वाढवणारे पदार्थ सोडतो. पांढरी मुळे वाढली की रोप दिलेले खतही अधिक घेते.

ॲझोटोबॅक्टरला भरपूर हवा लागते. तो तरव्याच्या गादीवाफ्यावर किंवा वरकस जमिनीतल्या भाताला चालतो, तुंबलेल्या खाचरात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दुकानात भातासाठी म्हणून ॲझोटोबॅक्टर पुढे केला, तर ॲझोस्पिरिलमच मागून घ्या. रायझोबियम तर भातासाठी नाहीच. तो कडधान्यांच्या मुळांवर गाठी करतो, भाताला गाठी येत नाहीत.

पाण्यावर आणि चिखलाच्या पृष्ठभागावर जे निळे-हिरवे शेवाळ दिसते, त्यातले काही प्रकार हवेतले नत्र बांधतात. खत न घालताही भातजमिनी वर्षानुवर्षे थोडेफार पीक देत राहतात, त्यामागे हे शेवाळ मोठे कारण आहे, हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये संशोधनातून दाखवून दिले. ॲनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टोलिपोथ्रिक्स ही त्यांतली नावाजलेली नावे. चांगले जमले तर एका हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र त्यांच्याकडून मिळू शकते.

स्फुरदाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. घातलेले स्फुरद त्यांना चिकटून बसते आणि पिकाला मिळत नाही. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून ते सोडवतात. पाणी तुंबल्यावर लोहाचे रूप बदलते आणि त्यामुळेही काही स्फुरद आपोआप मोकळे होते. मात्र हे जिवाणू नवे स्फुरद निर्माण करत नाहीत. माती परीक्षणात स्फुरद मुळातच कमी आले, तर ते बाहेरून द्यावेच लागेल. पालाशाचेही तसेच आहे. भाताने घेतलेल्या पालाशाचा मोठा भाग पेंढ्यात असतो. पेंढा विकला की पालाश शेताबाहेर गेले, ते कोणताही जिवाणू हवेतून आणून देणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हवेतले नत्र बांधणे हे जिवाणूंसाठी फार खर्चिक काम आहे, त्यात त्यांची प्रचंड ऊर्जा जाते. आजूबाजूला तयार अमोनियम मिळत असेल, तर ते हे काम बंद करतात. पाण्यात युरिया विरघळलेला असताना शेवाळ किंवा ॲझोस्पिरिलम घातले, तर ते मरत नाहीत, पण ज्यासाठी आणले ते काम करत नाहीत. म्हणून जिवाणू द्यायचे, तर सुरुवातीचा युरिया कमी करावाच लागतो. पूर्ण मात्रा देऊन वर जिवाणू, हा दुहेरी खर्च आहे.

गुंठ्याचा हिशेब

कोकणात भाताला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी शिफारस सर्वसाधारणपणे धरली जाते. जात आणि जमीन पाहून ती बदलते, पण हिशेबाला सोपी आहे. गुंठ्याला एक किलो नत्र, म्हणजे सुमारे 2.2 किलो युरिया. जिवाणू आणि हिरवळीचे खत यांच्या जोरावर पहिल्या वर्षी यातला पाव भाग कमी करा. गुंठ्याला साधारण 550 ग्रॅम युरिया कमी झाला, एकरी अर्धी गोणी. एका दमात निम्मे खत बंद करण्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवू नका. एक टन भात पिकवायला पिकाला 15 ते 20 किलो नत्र लागते, ते कुठून तरी यायलाच हवे.

ही कपात लावणीच्या वेळच्या पहिल्या हप्त्यातून करा. तेव्हा मुळे लहान असतात, रोपाची भूक कमी असते, पाऊस सर्वांत जास्त असतो आणि जिवाणूंना शांतता हवी असते. फुटवे फुटण्याच्या वेळचा हप्ता मात्र तोडू नका. सुफला किंवा डीएपी देत असाल, तर त्यातले नत्र हिशेबात धरायला विसरू नका. 15:15:15 च्या 50 किलोच्या गोणीत साडेसात किलो नत्र असते.

जीवामृत करणाऱ्यांसाठी एक शब्द. त्यातून जिवाणूंना खाद्य आणि जमिनीला चालना मिळते, पण एकरी 200 लिटर जीवामृतात शेण, गोमूत्र, बेसन सगळे धरून नत्र पाव किलोच्या आसपासच असते. ते जरूर वापरा, पण नत्राचा पुरवठा म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

आधी जमिनीची तयारी

जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. नुसत्या चिखलात पाकीट ओतले, तर ते टिकत नाहीत. कोकणासाठी यावरचा उत्तम उपाय बांधावरच उगवतो. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. चिखलणीच्या सुमारे आठवडाभर आधी गुंठ्याला 25 ते 30 किलो हिरवा पाला कोवळ्या फांद्यांसह पसरून चिखलात गाडा. हा पाला लवकर कुजतो आणि कमी केलेल्या पहिल्या हप्त्याची उणीव भरायला मदत करतो. ज्यांच्या बांधावर ही झाडे नाहीत त्यांनी पावसाच्या सुरुवातीला छाट लावावेत. ताग किंवा धैंचा घेता आला तर तोही चांगला, पण सलग पावसात त्याला वेळ आणि जागा मिळणे कठीण.

पेंढा घालायचा असेल, तर तो आधीपासून कुजवूनच. कच्च्या पेंढ्यात नत्र फार थोडे असते. तो कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. मग घाबरून पुन्हा युरिया फेकला जातो.

तरव्याची जागा राब भाजून तयार करण्याची आपली जुनी रीत आहे. तण कमी होते, राख मिळते, रोप सुरुवातीला जोमदार दिसते, हे खरेच. पण त्यासाठी ऐन-किंजळाच्या फांद्या, पातेरा आणि शेण जळते आणि वरच्या मातीतला सेंद्रिय भाग व जिवाणूही त्यात जातात. जिवाणू खतांच्या वाटेने जायचे असेल, तर राब थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी गादीवाफे करून त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख मिसळा. त्या राखेतून सिलिका आणि थोडे पालाशही मिळते, रोपे कणखर होतात.

माती परीक्षणात सामू फारच कमी आला असेल, तर परीक्षणाच्या अहवालानुसारच चुना द्या. पाणी तुंबल्यावर काही आठवड्यांत आम्ल जमिनीचा सामू आपोआप सातच्या दिशेने सरकतो, म्हणून तुंबलेल्या भाताला चुन्याची निकड इतर पिकांएवढी नसते. निळ्या-हिरव्या शेवाळाला मात्र आम्ल पाणी मानवत नाही, हे ध्यानात ठेवा.

बियाणे, तरवा, लावणी

बीजप्रक्रियेत क्रम चुकला की सगळे फुकट जाते. आधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओता. तरंगणारे पोचट आणि रोगट दाणे काढून टाका. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. मिठाचा अंश राहिला, तर जिवाणूंना तो बाधतो. बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते यानंतर. जिवाणू खत नेहमी सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी. 10 किलो बियाण्याला ॲझोस्पिरिलमचे 250 ग्रॅमचे एक पाकीट आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे एक. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. द्रवरूप खत असेल, तर बाटलीवरची मात्रा पाळा.

लावणीच्या दिवशी दुसरी संधी मिळते आणि ती चुकवू नये. एका एकराच्या रोपांसाठी दोन्ही जिवाणू खते प्रत्येकी अर्धा ते एक किलो घेऊन 40 ते 50 लिटर पाण्यात कालवा. बांधाशी प्लॅस्टिकचा कागद अंथरून उथळ खड्डा केला तरी चालतो. तरव्याच्या मुठींची मुळे धुऊन त्यात 15 ते 30 मिनिटे बुडवून ठेवा आणि मग लावा. मुळे धुतली नाहीत, तर चिखलच बुडतो. ह्या पाण्यात रासायनिक खत किंवा कीटकनाशक अजिबात मिसळू नका, आणि कालवलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

युरिया वाचवण्याची सर्वांत खात्रीची रीत आपल्याच मातीत तयार झाली आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती. तिच्यात पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला आणि नियंत्रित लावणी ही सूत्रे आहेत. चौथे सूत्र आहे युरिया-डीएपी ब्रिकेटचे. जोड ओळीत 15-25 सेंटिमीटर अंतरावर लावणी करून चार चुडांच्या चौकोनात 2.7 ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट 7 ते 10 सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचायची. गुंठ्याला पावणेदोन किलोच्या आसपास ब्रिकेट लागतात. त्यातून हेक्टरी 58 किलोच्या जवळपास नत्र जाते, आणि खत चिखलाच्या पोटात असल्याने ते वाहत नाही, उडतही नाही. मजूर जास्त लागतो, ही अडचण खरी आहे. पण जिवाणूंच्या दृष्टीने पाहा. वरच्या पाण्यात अमोनियम जवळजवळ नसते, म्हणून शेवाळाला नत्र बांधावेच लागते. ब्रिकेट आणि निळे-हिरवे शेवाळ यांची जोडी म्हणूनच चांगली जमते. ब्रिकेट वापरली, तर वरून पुन्हा हप्त्याचा युरिया देऊ नये.

शेवाळ घरी, ॲझोला वायंगणात

निळ्या-हिरव्या शेवाळाचे बियाणे उन्हाळ्यातच तयार करून ठेवावे लागते, कारण पावसाळ्यात ते वाळवता येत नाही. मे महिन्यात भरपूर ऊन असलेल्या जागी सुमारे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून प्लॅस्टिकचा कागद अंथरा. त्यात दहा किलो चाळलेली माती आणि 200 ग्रॅम सुपर फॉस्फेट टाका, माती आम्ल असेल तर थोडा चुनाही, आणि चार-पाच बोटे पाणी भरा. गढूळपणा बसला की कृषी विद्यापीठातून किंवा संशोधन केंद्रातून आणलेले मूळ कल्चर मूठभर भुरभुरावे. पाणी आटू लागले, तर वाढवत राहा. दोन आठवड्यांत जाड साय धरते. मग पाणी आटू द्या, सुकलेले पापुद्रे गोळा करून कोरड्या पिशवीत ठेवा. त्याच खड्ड्यात पुन्हा पाणी भरून आणखी एक-दोन वेळा पीक घेता येते.

लावणीनंतर सात ते दहा दिवसांनी एकरी चार किलो पापुद्रे उभ्या पाण्यात फेकावेत आणि पुढचे आठ-दहा दिवस खाचरातले पाणी वाहू देऊ नये. कोकणच्या जुलैत हीच अडचण. बांध फोडून वाहणाऱ्या खाचरात शेवाळ टिकत नाही. पाणी अडवता येईल अशीच खाचरे निवडा. लागोपाठ तीन-चार हंगाम घातले की ते तिथे रुजते.

ॲझोला हे पाण्यावर तरंगणारे छोटे नेचे. त्याच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना राहते आणि नत्र बांधते. व्हिएतनाम आणि चीनमध्ये भातशेतीत त्याचा वापर फार जुना आहे. खरिपातल्या मुसळधारेत ते वाहून जाते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात घेतल्या जाणाऱ्या वायंगण भाताला मात्र ते अगदी योग्य. थंड हवा आणि हाताशी ठेवलेले पाणी त्याला मानवते. लावणीनंतर आठवड्याने गुंठ्याला पाच ते दहा किलो ताजा ॲझोला सोडा. दोन-तीन आठवड्यांत त्याने पाणी झाकले की पाणी कमी करून बेणणीच्या वेळी पायाने चिखलात दाबा. तरंगत राहिलेल्या ॲझोलाचे नत्र भाताला मिळत नाही, तो कुजला पाहिजे. पाने तांबडी पडू लागली, तर बहुधा स्फुरद कमी पडते आहे.

पाकीट घेताना

1985 च्या खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतांचा समावेश 2006 मध्ये झाला. त्यानुसार पावडरमधल्या खतात ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पाकिटावर जिवाणूचे नाव, पीक, उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख, बॅच क्रमांक पाहा. पावडर साधारण सहा महिने टिकते, द्रवरूप वर्षभर. मुदतीत असलेले पाकीटही मे महिन्यात पत्र्याखाली तापले असेल, तर ते निरुपयोगी समजा. दुकानदाराने खते कुठे ठेवली आहेत हे आत डोकावून पाहण्यात संकोच नको. घरी आणल्यावर थंड, सावलीच्या जागी ठेवा, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी नको.

भाताची भूक कशी ओळखावी?

लावणीनंतर तीन आठवड्यांनी पानांच्या रंगाचा तक्ता वापरायला सुरुवात करा. प्लॅस्टिकची ही पट्टी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रसारात आणली. आठवड्यातून एकदा, सकाळी, आपल्या अंगाच्या सावलीत दहा रोपांची पूर्ण उघडलेली सर्वांत वरची पाने पट्टीशी ताडून पाहा. दहांपैकी सहा-सात पाने चौथ्या छटेपेक्षा फिकी असतील, तरच गुंठ्याला अर्धा किलो युरिया द्या, तोही पाणी उतरवून. पाने हिरवी असतील, तर हप्ता पुढे ढकला. पट्टी नसेल, तर पूर्ण खत घातलेल्या शेजारच्या खाचराशी तुलना करा.

त्यासाठीच पहिल्या वर्षी सगळे शेत या प्रयोगात घालू नका. एकाच जातीची, एकाच दिवशी लावलेली, शेजारची दोन खाचरे निवडा. एकात नेहमीप्रमाणे खत, दुसऱ्यात पाव नत्र कमी आणि जिवाणू. कोणत्या खाचरात करपा किती, तुडतुडे किती, भात लोळला का, हे वहीत लिहा. झोडणी वेगळी करा आणि वजन वेगळे घ्या. जिवाणूंचे खाचर कमी पडले नाही, तर पुढच्या वर्षी क्षेत्र वाढवा. मात्र कपात तिथेच, पाव भागावर ठेवा. दोन-तीन वर्षे पाला गाडून जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढलेला माती परीक्षणात दिसला, तरच आणखी कमी करण्याचा विचार करा.

कापणी झाली की ओल असतानाच वाल, हरभरा किंवा चवळी पेरा. इथे रायझोबियमची पाळी येते. सगळ्या कडधान्यांना एकच रायझोबियम चालत नाही, म्हणून पाकिटावर पिकाचे नाव पाहूनच घ्या आणि 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम चोळा. पीक फुलोऱ्यावर आले की चार-सहा झाडे मुळांसकट हळूच खणून काढा आणि गाठी नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लाल रंग असेल, तर गाठी काम करीत आहेत आणि त्या वालाला युरिया लागणार नाही. पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या, तर पुढच्या हंगामात पाकीट दुसऱ्या ठिकाणाहून घ्या. काढणीनंतर मुळे आणि पाला जमिनीतच राहू द्या.